बारके सर

वय झालेलं आहे पण चेहऱ्याला त्याची खबर नाही, असा गृहस्थ औसा तालुक्यात जागोजाग आढळतो. तो तलाठी असतो, बँकेत असतो, क्वचित औषधाच्या दुकानाच्या गल्ल्यावर असतो. पण अस्सल वाण म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयातले ‘बारके सर’. उंची पाच फुटांच्या आगेमागे, गाल भरलेले, दाढी आठवड्यातून एकदा केली तरी भागते. मिशी ठेवण्याचा प्रयोग बहुतेकांनी करून पाहिलेला असतो. त्याने वय वाढत नाही. गॅदरिंगच्या नाटकात पोराला मिशी चिकटवल्यासारखं दिसतं, एवढंच.

चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थाला बसस्थानकावर कुणीही विचारतं, “कितवीला हाईस रे?” त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असतं, “भूकंपाला मी पाचवीत होतो.”

औशात हा पुरावा आधार कार्डापेक्षा लवकर पटतो. या भागात वय आकड्यात कमी आणि आठवणीत जास्त मोजलं जातं. रझाकार पाहिलेली माणसं एका वयाची, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली दुसऱ्या वयाची. आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बुडवून आलेलं गाव झोपेत असताना जमीन हलली, तेव्हा कोण केवढा होता यावरून तिसरी पिढी ओळखली जाते. किल्लारी याच तालुक्यातलं गाव, त्यामुळे साक्षीदारही घरोघरी. तक्रार एवढीच की बारके सर हा दाखला जिथे तिथे काढतात. मोबाइलचं सिम घेताना भूकंप, सलूनमध्ये भूकंप, दवाखान्यात डॉक्टरने “लेकराचं वजन किती?” विचारलं तरी भूकंपच.

कागदोपत्री पुराव्याचं मात्र अवघड आहे. या पिढीतल्या खेड्यातल्या असंख्य लोकांचा वाढदिवस 1 जून असतो, कारण जन्मतारीख दाईने नव्हे, हेडमास्तरांनी ठरवलेली असते. त्यासाठी चाचणी सोपी होती. पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं. बारक्या सरांची बोटं लागली नाहीत, म्हणून त्यांना घरी पाठवण्यात आलं. पुढच्या जूनमध्ये ती कशीबशी लागली आणि रजिस्टरात 1 जून 1983 अशी नोंद झाली. खरं तर ते 1982 चे, म्हणजे लातूर जिल्हा झाला त्याच सालचे. दिसण्यावरून वय ठरवण्याची सुरुवात अशी सरकारी शाळेतच, शिक्क्यानिशी झाली.

पुढचे प्रसंग वाचकांच्या ओळखीचे असतील. मुलगी पाहायला गेल्यावर पाहुण्यांनी पोह्यांची बशी त्यांच्या हातात देऊन विचारलं, “मोठे भाऊ मागून यायलेत का?” नवरदेव आपणच, हे सांगताना भूकंप मध्ये आला, मुलीच्या आजोबांनी बोटांवर हिशेब केला आणि मगच सुपारी फुटली. दुसऱ्यांच्या लग्नात पंगत बसली की “ए बारक्या, वरण फिरव” अशी हाक येते. नाही म्हणणं शोभत नाही, म्हणून सर बादली उचलतात आणि ओळीने बसलेल्या आपल्याच विद्यार्थ्यांना वाढत जातात. बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून दुसऱ्या केंद्रावर गेले, तर फाटकावर हॉल तिकीट मागतात. ओळखपत्र दाखवलं तर शिपाई म्हणतो, “थोरल्याचं घेऊन आलास व्हय?” लगेच भूकंप. शिपाई उलट सांगतो, “मी तवा सातवीला होतो,” आणि सरांना पुन्हा खालून वर न्याहाळतो.

अशा माणसाला अरे म्हणावं की अहो, हा पेच मराठी मुलखाला नवा नाही. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांना कोवळ्या ज्ञानदेवांसाठी मायना सुचेना, म्हणून त्यांनी कोरंच पत्र धाडलं, अशी कथा आहे. त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. बारक्या सरांना कोरं पत्र कुणी धाडत नाही. सरळ “ए” म्हणतात.

या कोवळेपणाची किंमत घरात दुसरंच माणूस मोजतं. पालक सभेत मुलीच्या बाई सरांना “तू दादा का? पप्पा नाही आले?” असं विचारतात आणि बाजारात सरांच्या पत्नीला “ही थोरली बहीण का?” असं. सर दोन्ही वेळा हसतात. ती एकदाही हसत नाही.

शिवाय हा कोवळेपणा निसर्गाचा कमी आणि छपराचा जास्त आहे. ऊन कातडीला लवकर म्हातारं करतं. सरांच्या बाकावर बसणारा वर्गमित्र वीस वर्षे सोयाबीन आणि तुरीच्या रानात आहे; त्याला कंडक्टर “बाबा, पुढं सरका” म्हणतो, आणि तोही भूकंपाला पाचवीतच होता. दोघे एका बाकड्यावर चहा प्यायला बसले की हॉटेलवाला सरांना त्याचं पोरगं समजतो. अनुदानित पगार, पंखा आणि सावली यांची बेरीज सरांच्या गालांवर दिसते. त्याची कटकट करायचा हक्क खरं तर त्या मित्राचा आहे.

एक गोष्ट मात्र सरांच्या बाजूने नोंदवावी लागते. किल्लारी भागातली घरं जाड दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचं जड माळवद. ती आतल्या माणसांवरच बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली आणि पुढे 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या सकाळी सरांच्या गल्लीत एका पडलेल्या घरात शेजारची म्हातारी अडकली होती. फटीतून मोठं माणूस आत जाईना. तेव्हा हा बारका आत सरकला, तिच्या उशाशी बसला आणि दगड निघेपर्यंत तिला हाका मारत राहिला. म्हातारी त्यानंतर बरीच वर्षे जगली. त्या दिवशी त्याला कुणी कितवीला हाईस म्हणून विचारलं नाही. हे त्यांची आई सांगते. उठता-बसता भूकंप काढणारे सर स्वतः एवढं कधीच सांगत नाहीत, पाचवीवरच थांबतात.

कनिष्ठ महाविद्यालयातली नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षी संपते आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो. त्यामुळे बारके सर 31 मे 2041 रोजी निवृत्त होतील. कानाला न पोहोचलेल्या बोटांमुळे एक वर्षाचा पगार जास्त मिळेल, आणि याबद्दल मात्र त्यांची काहीही तक्रार नाही.