लांजीचा फोटोवाला समुद्रावर

बालाघाट जिल्ह्यातील लांजी या तहसिलीच्या गावापासून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर असला, तरी तेथील छायाचित्रकाराच्या, म्हणजे बोलीतल्या फोटोवाल्याच्या दुकानात तो बारमाही मिळतो. कारण गिऱ्हाइकाच्या स्टुलामागे जे रंगवलेले कापड टांगलेले असते आणि ज्याला या धंद्यात पडदा म्हणतात, त्यावर दोन माड, एक शिडाची होडी आणि पाण्यात अर्धा बुडालेला केशरी सूर्य कायमचे मुक्कामाला असतात. या पडद्याला हलके लेखण्याचे कारण नाही. १८३९ साली ज्याच्या नावाने छायाचित्रणाची रीत पॅरिसमध्ये जगापुढे मांडली गेली, तो दागेर स्वतः नाटकांचे देखावे रंगवणारा होता, तेव्हा पडदा हा वंशावळीने कॅमेऱ्याचा थोरला भाऊच ठरतो.

प्रस्तुत नमुन्याचा माणूस समुद्रदर्शनाला निघतो तो पौषात, कारण या महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात आणि मुहूर्त नसले की फोटोवाल्याला कुटुंब असल्याची आठवण होते. पश्चिमेचा समुद्र दूर पडतो; गोंदियाहून समता एक्स्प्रेस मात्र रायपूरमार्गे थेट विशाखापट्टणमला जाते, म्हणून समुद्राची निवड सौंदर्यशास्त्राने न होता रेल्वेच्या वेळापत्रकाने होते. घरच्या चौघांचे कपडे एका पिशवीत आणि कॅमेऱ्याचे सामान तीन पिशव्यांत, अशी विभागणी ठरलेली असते व तिच्याविषयी घरात दरवर्षी होणारा वादही ठरलेला असतो.

रामकृष्ण बीचवर पोहोचल्यावर त्याची पहिली प्रतिक्रिया नापसंतीची असते. समोर इतके पाणी असून मध्यभागी कोणीच नाही, ही गोष्ट त्याला व्यवसायदृष्ट्या पटत नाही. नवरदेवाविना देखावा म्हणजे त्याच्या मते वाया गेलेली जागा. त्यामुळे तो थोड्याच वेळात एखाद्या अनोळखी तेलुगू जोडप्याला लाटांपुढे उभे करतो आणि भाषा येत नसताही केवळ दोन बोटांनी हवेत हनुवटी खाली करून दाखवतो. ते जोडपे निमूटपणे हनुवटी खाली करते, यावरून या खुणेला राज्याच्या सीमा लागू नाहीत असे अनुमान काढता येते.

त्याची खरी अडचण होते ती ‘कुरसुरा’पुढे. १९६९ साली नौदलात दाखल होऊन २००१ साली निवृत्त झालेली ही पाणबुडी आता याच किनाऱ्यावर संग्रहालय होऊन उभी आहे आणि तिची लांबी सुमारे ९० मीटर आहे. लग्नातील वऱ्हाड चौकटीत मावेना, तर “भाऊ, जरा आत सरका, वहिनी, तुम्ही खाली बसा” असे म्हणून ते मावविण्याची कला त्याला अवगत असते, पाणबुडी मात्र आत सरकत नाही. शेवटी तो तिचे शेपूट सोडून देतो आणि चित्रात नसलेल्या भागाचे वर्णन परतल्यावर तोंडी करतो. (वऱ्हाडाच्या बाबतीत हेच धोरण नवरीकडच्या आत्यांना लागू झाल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यांचे परिणाम पाणबुडीइतके निरुपद्रवी नसतात.)

सूर्यास्ताचे प्रकरण अधिक गंभीर आहे. कैलासगिरीच्या टेकडीवर दुपारी चारपासून तिपाई रोवून, समुद्राकडे तोंड व सूर्याकडे पाठ करून तो पडद्यावरच्या त्या केशरी क्षणाची वाट पाहतो; परंतु विशाखापट्टणम पूर्व किनाऱ्यावर असल्याने तेथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो तो पाठीमागच्या डोंगरांत. अंधार पडल्यावर तो या व्यवस्थेचा दोष शहराला देतो, भूगोलाला देत नाही. मुलांनी पाठ्यपुस्तकातील नकाशाचा दाखला दिल्यास त्यांना गप्प बसवले जाते.

मात्र हा माणूस हार मानणाऱ्यांपैकी नव्हे. रात्रभर चालणाऱ्या लग्नात ताजातवाना राहणारा, पण एरवी आठाच्या आत न उठणारा हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी पहाटे वाळूवर हजर होतो आणि उगवत्या सूर्याची चित्रे घेतो. येथे पदार्थविज्ञान त्याच्या मदतीला येते: सूर्य क्षितिजाजवळ असता त्याच्या प्रकाशाला वातावरणातून लांबचा पल्ला काटावा लागतो, वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो व तांबडा शिल्लक उरतो, ही क्रिया सकाळी आणि संध्याकाळी सारखीच होते, आणि स्थिर चित्रात सूर्य वर चालला आहे की खाली, हे कळण्याची सोय नसते. लांजीला परतल्यावर तोच सूर्योदय ‘सूर्यास्त’ या नावाने संगणकात साठवला जातो आणि माघात मुहूर्त सुरू होताच कधी लांजी न सोडलेल्या नवरा-नवरीच्या मागे चिकटवला जातो. बालाघाट-गोंदियाकडच्या एखाद्या अल्बमात समुद्रात बुडणारा सूर्य आढळल्यास वाचकांनी तो विशाखापट्टणमचा सकाळी साडेसहाचा समजावा, आणि मुलीकडच्यांसमोर याची वाच्यता करू नये.