हवेच्या गादीचं भोक

"काकू, कढीपत्ता छाटतेय. देऊ का दोन डहाळ्या?"

"टाक इकडे. आणि आधी सांग, काल रात्री कोपऱ्यावरच्या बंगल्यात कसला आरडाओरडा चालला होता?"

"आजोबांच्या हवेच्या गादीला भोक पडलं. चादर सरकते म्हणून रुग्णसेवा ब्युरोच्या मावशींनी सेफ्टी पिन लावली, ती थेट गादीत! पंप रात्रभर घुंघुं करतोय आणि गादीची झाली चपाती."

"अगं बाई! पाठीला जखमा होऊ नयेत म्हणूनच आणली होती ना?"

"हो ना, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते पडूनच आहेत. गादी भाड्याची. दुकानदार म्हणतो, डिपॉझिट विसरा. घरच्या वहिनी म्हणतात, ब्युरोने भरावं. ब्युरोवाला म्हणतो, फॉर्मवर सही आहे तुमची, नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. फार तर मावशींच्या पगारातून कापा."

"वा! कमिशन ह्याच्या खिशात आणि भोक तिच्या पगारात!"

"पण काकू, पिन तर त्यांनीच लावली ना?"

"लावली. पण आत हवा आहे, टोचायचं नाही, असं तिला कुणी सांगितलं होतं? 'ट्रेन्ड' बाई म्हणून ब्युरोने पैसे जास्त लावले ना? मग काय ट्रेनिंग दिलं, ते विचार म्हणावं. अगं, कारखान्यातल्या माणसाच्या पगारातून नुकसान कापायचं तरी वस्तू त्याच्या ताब्यात दिलेली हवी, चूक त्याची हवी आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. १९३६ च्या कायद्यापासूनची रीत आहे ही. घरकामाला तो कायदा लागू नसेल, पण माणुसकी तर लागू आहे? कोर्टात टायपिंग करता करता पेन्शनीत निघाले मी, एवढं कानावर पडलंय."

"मग वहिनींनी करायचं काय?"

"आधी बघायचं, महिन्याचे पैसे कुणाला देतात. ब्युरोला देत असतील, बदली बाईही तोच पाठवत असेल, तर सेवा ब्युरोची. फॉर्मवर एक ओळ छापली म्हणून सुटका होत नाही. ब्युरोला लेखी कळवायचं, भोकाचा फोटो जोडायचा. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षं मुदत असते."

"आणि ब्युरोने नुसती गाठ घालून दिली असेल तर?"

"एकदाच पैसे घेऊन बाजूला झाला असेल आणि पगार वहिनीच देत असतील, तर बाई त्यांची. मग ब्युरोच्या गळ्यात घालणं अवघड. मावशींविरुद्ध ग्राहक आयोगातही जाता येत नाही, घरच्या नोकरीला तो कायदा सेवा मानतच नाही. आणि जायचं तरी कशाला? मधल्या रात्री आजोबांना कूस बदलून देते ती, मुलगा नव्हे."

"हळू बोला, खिडकी उघडी आहे त्यांची."

"असू दे. तोच मुलगा फोनवर 'मॅटर क्लोज करा' म्हणत होता, तेही ऐकलंय मी."

"काकू, पण दुकानदाराने सगळं डिपॉझिट कापावं हे मला नाही पटलं. भोकाला पॅच मारता येतो ना?"

"येतो की! टाचणीएवढ्या भोकाला कुणी नवी गादी घेतं का? दुरुस्तीचं बिल माग म्हणावं. तेवढंच ब्युरोकडून घ्यायचं, बाकी डिपॉझिट परत. अगं, पण थांब. समोरच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांकडे आज सकाळी टेम्पोतून गादी उतरली, त्याच दुकानाची. मी गॅलरीतच होते."

"मग?"

"पायाकडच्या बाजूला चकचकीत नवा पॅच होता!"

"काकू! आणि फोटो?"

"काढलाय. तुझ्या नंबरवर पाठवू की थेट वहिनीला?"