चमचा कुणाच्या हातात?

बंगळूरच्या चामराजपेटमधल्या आमच्या क्रॉसवर सकाळी दोन वास यायचे. एक फिल्टर कॉफीचा, दुसरा फुटणाऱ्या नाचणीच्या लाह्यांचा. शेजारच्या अज्जी त्या लाह्या दळून हुरिहिट्टु करत. आमची आजी सातूचं पीठ करायची: भिजवून, वाळवून, भाजलेले गहू, डाळं, वेलदोडा. दोन्ही पिठं दुधात कालवायची, दोन्हींत गूळ. माझा जीव मात्र चोकोज या चॉकलेटी सिरियलच्या डब्यात अडकलेला. शेवटी वाटीत उरलेलं तपकिरी दूध आठवलं, की आजही तोंडाला पाणी सुटतं. त्या आठवणीची मला लाज वाटत नाही.

पण गेल्या काही वर्षांत ही आठवण फार स्वस्तात विकली जाते. ‘आमच्या लहानपणीची चव’ म्हटलं, की प्रश्न संपतात. ते संपू नयेत.

साखरेचा वाद डब्यातल्या सिरियलइतकाच जुना आहे. अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग रुग्णांना बिनसाखरेचं धान्य खायला देत. धाकट्या भावाने, विलने, त्यात साखर घालायचं ठरवलं. दोघांचं बिनसलं आणि १९०६ साली विलने वेगळी कंपनी काढली. तीच कंपनी १९९४ मध्ये आपल्याकडे आली, तळोज्याला कारखाना काढून. आपण सवयीप्रमाणे गरम दूध ओतलं आणि कुरकुरीत कॉर्नफ्लेक्सचा लगदा झाला.

आजीचं सातू गोड नव्हतं का? होतं. गूळही शेवटी साखरच, त्याला देवत्व देण्याची गरज नाही. फरक वेगळा आहे. गुळाचा खडा आजी माझ्यासमोर फोडायची. सणाला मोठा, खोकला झाला की लहान. ‘अजून थोडा’ म्हटलं, की माझ्याकडे बघून ठरवायची. किती गोड, हे ठरवणारा माणूस समोर होता, त्याच्याशी भांडता येत होतं. डब्यातली गोडी कारखान्यात ठरून येते आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, ग्रॅममध्ये लपते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेल्या, तसंच मध, पाक आणि फळांच्या रसातल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण ६ चमचे. लहान पोराला त्याहून कमी. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात पाकिटावर पौष्टिकतेचे तारे सुचवले. त्या ताऱ्यांच्या गणितात तंतूंचे गुण मिळतात आणि साखरेचे दोष झाकले जाऊ शकतात. आईला तारे नकोत, चमचे हवेत. एका वाटीत किती चमचे साखर, ते पुढच्या बाजूला, ठळक, कन्नडमध्ये, मराठीत छापा.

गेल्या रविवारी लेकीने चॉकलेटी सिरियलचा डबा मागितला. आणला. मागची अक्षरं वाचून हिशेब केला आणि तिच्या वाटीत जेवढी साखर होती, तेवढी बशीत चमच्याने काढून ठेवली. ती बराच वेळ बशीकडे बघत राहिली.

‘एवढी कुणी घातली?’ तिने विचारलं.

आजीच्या वेळी या प्रश्नाला उत्तर होतं.