जीर्ण संगणकाचे नूतनीकरण व चोरदिंडीचा बंदोबस्त

जीर्ण संगणकास नवी कार्यप्रणाली बहाल करू इच्छिणाऱ्या गृहस्थाने सर्वप्रथम घरातील भाच्यास काही तरी निमित्त काढून परगावी धाडावे. भाचा हा शब्द मी येथे व्यापक अर्थाने योजिला आहे. तो पुतण्या असेल, जावई असेल, क्वचित समोरच्या बिऱ्हाडातील अभियांत्रिकीचा विद्यार्थीही असेल. परंतु ‘मामा, दहा मिनिटांचं काम आहे’ असे म्हणत, खुर्ची ओढून घेऊन, तुमच्या संमतीची प्रतीक्षा न करता जो ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबीत सुटतो, तो या प्रकरणापुरता भाचाच होय.

दुसरे कलम मुदतीचे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आणि विंडोज ११ च्या दरबारी टीपीएम २.० हा दाखला दाखविल्यावाचून रीतसर प्रवेश नसल्यामुळे २०१० साली खरेदी केलेल्या माझ्या यंत्रास तेथे मुजऱ्याचीही सोय उरली नाही. अशा निराधारांस लिनक्स मिंट आश्रय देते. दोन जीबी मेमरीवर ते कण्हत चालते, चारावर माणसांत येते.

आता मुख्य प्रकरण. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, गडास एकच दरवाजा असणे हा मोठा दोष गणून, चोरदिंड्या ठेवण्याविषयी बजावले आहे. आणि गडाच्या बाबतीत जे शहाणपण मराठी माणसास तीन शतकांपूर्वी होते, ते हार्ड डिस्कच्या बाबतीत आमच्या भाच्यास अद्याप प्राप्त झालेले नाही. जुन्या प्रणालीच्या उरावर नवी बसविणे म्हणजे उतरण्याची वाट चिणून मग गड चढणे होय. त्यापेक्षा वीज तोडावी, कॅबिनेट उघडावे, जुनी डिस्क सावकाश सोडवून बाहेर काढावी व तिच्या जागी नवी २४० जीबीची एसएसडी जोडावी. बिघडलेच, तर दोन केबली पूर्ववत लावल्या की गेल्या आठवड्याचा संगणक जसाच्या तसा हजर. माझी डिस्क मी तारखेची चिठ्ठी चिकटवून घराच्या खरेदीखताच्या डब्यात ठेवली आहे, आणि ती शाबूत असल्याची खातरजमा करण्यासाठी महिन्यातून एकदा जोडून पाहतो. खातरजमा म्हणजे पत्त्यांचे दोन डाव, हे पत्नीस ठाऊक आहे.

डिस्क शाबूत असली तरी दप्तराच्या निराळ्या दोन नकला हव्यातच, आणि नक्कल झाली असे पडद्याने सांगितले म्हणजे ती झाली असे नव्हे. दुसऱ्या यंत्रावर फाईल उघडून रुजवात घ्यावी. मी ती शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर घेतली, आणि सोसायटीचा सचिव या नात्याने अकरा वर्षे लिहिलेल्या इतिवृत्तांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा दंगा दिसला. कारण युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्टात अक्षर मराठी नसतेच, रोमन अक्षराने घेतलेले ते मराठी सोंग असते. फॉन्ट गेला की सोंग उतरते. इतिवृत्ते गेली असती तर सोसायटीने पेढे वाटले असते. पण त्याच फोल्डरात आई ओट्याशी उभी राहून सांगत असता मी टंकलेले गोड्या मसाल्याचे प्रमाण होते, आणि धणे किती हे आता विचारावयाचे कोणाला? सबब, फॉन्टच्या फायली सोबत न्याव्यात, आणि जुन्या यंत्रावर असतानाच प्रत्येक कागदाची पीडीएफ करावी.

नवी प्रणाली ज्या पेनड्राइव्हवर उतरवितात तो आधी समूळ पुसला जातो. मुंजीचे फोटो असलेला घेऊ नये. घेतला होता.

डिस्कवर काही न बसविता आधी पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून वायफाय, आवाज व प्रिंटर यांची जबानी घ्यावी. यूपीएस नसेल तर वीज जाण्याच्या वारी हे काम काढू नये.

एवढ्या बंदोबस्तात माझे तीन आठवडे गेले. प्रत्यक्ष दिवशी मात्र यंत्र पेनड्राइव्हकडे ढुंकून पाहीना. एफ २ दाबले, डिलीट दाबले, पत्नीच्या सूचनेवरून एंटरही दाबून पाहिले. शेवटी मान खाली घालून परगावी फोन केला. ‘मामा, सुरू होताना एफ १२ दाबत राहा,’ भाचा म्हणाला, आणि तो लाइनीवर असतानाच प्रणाली बसली.

बारा मिनिटे लागली. दहा नव्हेत, मी घड्याळ लावून बसलो होतो.