वॉलकंपाउंडवरचा बिबट्या

"दूध आलं का वं तुमच्याकडे?" मावशींनी वॉलकंपाउंडच्या पलीकडून विचारलं, तेव्हाच मला कळलं की विषय दुधाचा नाही. आमच्या दोघींकडे दूध एकच भाऊ टाकतो आणि त्या दिवशी तो फिरकलाच नव्हता. फिरकणार कसा? आदल्या रात्री कॉलनीच्या ग्रुपवर बिबट्या येऊन गेला होता.

तोही आमच्याच गल्लीत. भिंतीवरून शेपटी हलवत सावकाश चाललेला, सीसीटीव्हीत दिसतं तसं करडं चित्र, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. जेमतेम आठ सेकंदांचा व्हिडिओ. कोपऱ्यावरच्या काकांनी 'सर्वांनी दारे लावून घ्यावी' असं लिहिलं आणि त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मी तर अंगणातले कपडेही काढायला गेले नाही.

"मी पाह्यला तो व्हिडिओ. पुन्हापुन्हा पाह्यला," मावशी म्हणाल्या. "तो बिबट्या खोटा हाय."

मावशींचं माहेर उमरेडचं. म्हणजे कऱ्हांडल्याच्या जंगलाला लागूनच. वाघाच्या बाबतीत त्या कोणाचं ऐकत नाहीत, वनखात्याचंही नाही.

"मले सांग, आपल्या गल्लीतले कुत्रे कोणाकोणावर भुंकतात?"

"स्कूटीवर, पेपरवाल्यावर, आमच्या ह्यांच्यावर."

"अन् बिबट्या चालला तर झोपून राह्यले? अवं, बिबट्याले कुत्रं भल्लं आवडते. उलसा वास आला तरी कुत्रे कोकलत फिरतात. अन् दुसरं, तो मुनगा पाह्यला का भिंतीजवळचा? शेंगा लटकून राहिल्या व्हिडिओत! तो मुनगा उन्हाळ्यातल्या वादळात पडला. शेंगा तुलेच देल्या होत्या ना मी?"

दिल्या होत्या. वरणातही टाकल्या होत्या. मी पुन्हा फोन काढला आणि व्हिडिओ बोटांनी मोठा करून पाहिला. मुनगा उभा होता. आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानाच्या पाटीवर मराठीसारखं दिसणारं काहीतरी लिहिलं होतं. मात्रा अधांतरी, वेलांटीला अक्षरच नाही.

मावशींनी मान वळवून स्वतःच्या घराकडे पाहिलं. "बाहेर ये रे जरा," त्या ओरडल्या.

मावशींचा नातू हिंगण्याकडे इंजिनिअरिंगला आहे. तोंडात ब्रश घेऊनच तो आला आणि आमचे चेहरे पाहून त्यानं लगेच सांगून टाकलं, "मी ग्रुपवर नाही टाकला, आजी! मी फक्त मित्राला पाठवला. त्यानं त्याच्या काकाला पाठवला, काकानं कुठं टाकला मला काय माहीत?"

"पण बनवला तूच ना?"

"बनवला म्हणजे काय, फोटो होता माझ्याकडे गल्लीचा, मागच्या वर्षीचा. तो टाकला आणि खाली लिहिलं की रात्र दाखव, सीसीटीव्हीसारखं दाखव, बिबट्या भिंतीवरून चालू दे. थोडा वेळ थांबलो, झालं. तारीख मात्र नंतर एडिटिंग ॲपमधून चिकटवली. एआयला आकडे नीट जमत नाहीत."

फोटो मागच्या वर्षीचा, म्हणून मुनगा जिवंत. मावशींच्या तपासावर शिक्कामोर्तब झालं.

मग त्याची कळी खुलली आणि अर्धा तास तो भिंतीला टेकून आम्हाला शिकवत राहिला. गूगलचं व्हिओ 3 हे मे 2025 मध्ये आलं. त्यात चित्राबरोबर आवाजही तयार होऊन येतो, पण एका वेळी आठच सेकंद. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी ओपनएआयचं सोरा 2 आलं. जुलैत गूगलनं विद्यार्थ्यांना जेमिनायचा पैसेवाला प्लॅन वर्षभर फुकट दिला आणि ऑक्टोबरअखेरीस जिओवाल्यांनाही तो फुकट मिळायला लागला. लांब रील हवी तर आठ-आठ सेकंदांचे तुकडे जोडायचे. त्यातही पंचाईत अशी, की पहिल्या तुकड्यातली बाई दुसऱ्या तुकड्यात तिची चुलतबहीण वाटते. म्हणून आधी एक चेहरा पक्का बनवायचा आणि दर वेळी तोच टाकायचा. मग आवाज, मग खाली अक्षरं, मग चालत असलेलं गाणं.

"अन् हे सीसीटीव्हीच काहून? चांगलं रंगीत काहून नाही?" मावशींनी विचारलं.

"चांगलं केलं तर चुका दिसतात ना, आजी! पंजे घसरतात, शेपट्या मधेच दोन होतात. अंधार केला, चित्र खराब केलं, की सगळं झाकलं जातं."

हे मात्र मी मनात पक्कं करून ठेवलं. घाबरवणारे बहुतेक खोटे व्हिडिओ रात्रीचे, करडे आणि एकाच जागेवरून घेतलेले का असतात, याचं इतकं सरळ उत्तर मला कोणी दिलं नव्हतं.

पेंचचा तो व्हिडिओ आठवा. 2025 ची दिवाळी झाली आणि घरोघरी फोनवर तो पोहोचला. रात्रीचा रस्ता, दारू प्यालेला माणूस, आणि तो चक्क वाघाच्या डोक्यावरून हात फिरवून त्यालाही बाटली देऊन राहिला. तोही असाच सीसीटीव्हीछाप. पेंचवाल्यांनी असं काही घडलंच नाही म्हणून सांगितलं, तरी आमच्याकडे भिशीत दोघीजणी शपथेवर सांगत होत्या की तो माणूस त्यांच्या ओळखीतला आहे. त्याच सुमारास ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहासमोर खुर्चीवर बसलेल्या माणसाला वाघ ओढून नेतो, असा एक व्हिडिओ फिरला. तोही खोटा असल्याचं वनखात्याला सांगावं लागलं.

पेंचच्या व्हिडिओला मावशी हसल्या होत्या. ब्रह्मपुरीचं नाव निघालं आणि त्यांचा आवाज बदलला.

"हे पाय पोट्ट्या, सिंदेवाही कुठं हाय माहीत हाय का तुले? त्याच ब्रह्मपुरीच्या जंगलात येते. मागच्या वर्षी मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघानं मारल्या. एकाच दिवशी. त्या बायांचा कोणी व्हिडिओ नाही काढला."

पोरगं ब्रश हातात धरून उभं राहिलं. तारीख मी सांगते, 10 मे 2025. पुण्या-मुंबईच्या माणसाला वाघाची रील म्हणजे करमणूक असेल. आपल्याकडे पत्ता तोडायला गेलेली बाई संध्याकाळी परत येते की नाही, याची घरचे वाट पाहतात. त्यांच्या फोनवर हा आठ सेकंदांचा खेळ गेला तर काय होईल, हे बनवणाऱ्याच्या डोक्यात येतच नाही.

"बरं, पण बिबट्या येतोच ना नागपुरात," नातवानं बाजू सांभाळायचा प्रयत्न केला. "पारडीत आलाच होता की."

आला होता. 10 डिसेंबर 2025 ला पारडीच्या वस्तीत बिबट्या शिरला आणि सात जण जखमी झाले. त्या दिवशी नागपुरात काय काय झालं ते मला नीट लक्षात आहे, कारण सकाळपासून मी फोनवर एकच वाक्य म्हणून राहिले होते, 'हे एआय आहे.' हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा पोशाख घालून विधानभवनात आले होते. तिकडे बिबट्यांनी लोक हैराण झालेत, त्याकडे लक्ष वेधायला. अख्ख्या अंगावर ठिपके असलेला आमदार पाहून कोणाला खरं वाटणार? तो खरा निघाला. पारडीचाही खरा निघाला. आणि ब्रह्मपुरीचा, ज्याला पाहून अंगावर काटा आला होता, तो खोटा. आता सांगा, माणसानं डोळ्यांवर विश्वास ठेवावा तरी कसा?

पण मला जी गोष्ट खटकते ती वेगळीच आहे, आणि ती मावशींच्याच माहेरची आहे. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडल्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि पर्यटकांच्या जिप्सींनी तिला पुढून-मागून अडवून धरलं. कोणीतरी फोनवर काढलेला तो व्हिडिओ सगळीकडे गेला. त्याची बातमी झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. जिप्सीवाल्यांवर, गाइडवर कारवाई झाली. वाघिणीला काही कोर्टात जाऊन तक्रार देता आली नसती. तिच्या वतीनं तो हलणारा, वेडावाकडा व्हिडिओच साक्षीदार झाला.

आज तसंच घडलं तर? जिप्सीवाला सरळ म्हणेल, 'साहेब, एआय आहे.' आणि आपणही मान डोलावू. खोट्या व्हिडिओनं लोक घाबरतात, ते दोन दिवसांत विसरतात. पण खऱ्या व्हिडिओची पत जाते, ती परत यायची नाही. माझं भांडण त्या बिबट्याशी नाही, याच्याशी आहे.

"म्हणजे एआय म्हणजे निरी कटकट," मावशींनी निकाल दिला.

तसंही नाही. आपल्याच नागपूर ग्रामीण पोलिसांनी ऑगस्ट 2025 मध्ये 'मार्व्हल' या एआयवर चालणाऱ्या यंत्रणेच्या मदतीनं एक ट्रक शोधून काढला. देवलापारकडच्या हायवेवर एका बाईला उडवून पळालेला. नवऱ्याला कोणी मदत केली नाही म्हणून त्यानं बायकोचा मृतदेह मोटारसायकलला बांधून नेला, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलं होतं. ट्रकचा नंबर माहीत नाही, फक्त त्यावर लाल खुणा होत्या एवढंच तो सांगू शकला. टोलनाक्यांचं सीसीटीव्ही चित्रण एआयनं तपासलं आणि ट्रक सुमारे सातशे किलोमीटरवर सापडला. काम सीसीटीव्हीचंच. एका एआयनं खोटं सीसीटीव्ही बनवलं, दुसऱ्यानं खरं वाचलं.

तेवढ्यात समोरच्या वहिनी गेटमध्ये आल्या आणि विषय खाली उतरला, म्हणजे खाण्यावर. वहिनी हिवाळ्यात सांभार स्वस्त झाला की सांभारवडीच्या ऑर्डरी घेतात. याच पोरानं त्यांना रील करून दिली होती. काय ती रील! कुठलं तरी मार्बलचं स्वयंपाकघर, वहिनींपेक्षा वीस वर्षांनी लहान बाई, आणि वडी एवढी फुगलेली की दोन माणसांत एक पुरावी. ऑर्डरी आल्या, मग बोलणीही आली. 'व्हिडिओत तर मोठी होती.' वहिनींनी ती रील काढून टाकली आणि लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून स्वतःच्या हातांचा व्हिडिओ काढला. सारण भरताना, कडा चिकटवताना, तेलात सोडताना. पोरानं त्यात एआयनं फक्त पंख्याचा घरघराट काढला आणि खाली अक्षरं टाकली, तीही वहिनींनी ऱ्हस्व-दीर्घ तपासल्यावर. मला विचाराल तर या यंत्राचा एवढाच उपयोग करावा. घरघराट काढावा, वडी फुगवू नये.

"पण वहिनी, व्ह्यूज तिकडंच येतात ना," पोरगं कुरकुरलं. "एक माकडाचं चॅनल आहे, पूर्ण एआय, दोनशे कोटींच्या वर व्ह्यूज."

"माकडं पाहाले रामटेकला जाय," मावशी म्हणाल्या. "फुकटात दिसतात, अन् हातातलं केळंही नेतात."

मी त्याला हिशेब सांगितला. शॉर्ट्सच्या जाहिरातींतून वाटा हवा तर यूट्यूबला हजार सबस्क्रायबर लागतात आणि नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज. शिवाय जुलै 2025 पासून घाऊक, एकाच छापाच्या मालाला पैसे द्यायचे नाहीत हे त्यांनी अधिक स्पष्ट केलंय. आणि प्रसिद्धीच हवी असेल तर सदरचा डॉली चायवाला पाहा. फेब्रुवारी 2024 मध्ये बिल गेट्सच्या व्हिडिओत तो दिसला आणि जगभर पोहोचला. नंतर त्यानं सांगितलं की चहा देताना हे कोण साहेब आहेत ते त्याला माहीतही नव्हतं. त्याची ती दूध उंचावरून ओतायची नाटकं कोणाला आवडोत न आवडोत, हात त्याचे होते आणि गल्लासात चहा होता.

"यंदा तान्ह्या पोळ्याले मारबतीसंग या खोट्या व्हिडिओचा बडग्या काढा," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या. कुकरची शिट्टी झाली होती.

पोरानं त्याच दुपारी ग्रुपवर लिहून टाकलं की बिबट्या त्यानं बनवलेला आहे. काकांनीही हात जोडले. दूधवाला संध्याकाळी आला.

आता शेजारधर्म म्हणून एवढंच सांगते. बिबट्या खरंच दिसला तर ग्रुपवर टाकत बसू नका, 1926 वर फोन करा. तो वनखात्याचा 'हॅलो फॉरेस्ट'चा नंबर आहे, फोनमध्ये टाकून ठेवा. व्हिडिओ आला तर पाठवणाऱ्याला विचारा की कुठली गल्ली आणि स्वतः कोणी पाहिलं. आणि घरात असं हुशार पोट्टं असेल तर त्याला व्हिडिओवर 'एआयने बनवलेला' एवढं ठळक लिहायला लावा. 20 फेब्रुवारी 2026 पासून केंद्राच्या नियमांतही ते आलं आहे.