कोळपे चालवावे कसे, आणि कोणाच्या देखत

पुढे सायकलचे चाक, मध्ये लोखंडी सांगाडा, मागे पोटाच्या उंचीला दोन मुठी आणि बुडाशी आडवी पास, असे जे ढकलयंत्र त्याला सायकल कोळपे म्हणतात. ते परसातले तण काढण्यासाठी असते, असा एक समज आहे. घाटावर तो खराही असावा. तिकडे कांदा, सोयाबीन, भुईमूग ओळीने उभे असतात आणि माणूस दोन ओळींमधून कोळपे नेतो तेव्हा बघणाऱ्यालाही बरे वाटते. कणकवली तालुक्यातल्या नांदगावात ते कसे चालवावे, याबद्दल मात्र कोणी काही लिहून ठेवलेले नाही. ती उणीव येथे भरून काढत आहोत. मुंबईत नोकरी संपवून गावच्या घरी राहायला आलेले आणि परड्यात ‘काहीतरी करूया’ असे सकाळ-संध्याकाळ म्हणणारे जे चाकरमानी, त्यांना हे उपयोगी पडेल. लेखकाचा अनुभव एका पावसाळ्याचा आहे, म्हणजे सल्ला द्यायला पुरेसा.

पायरी पहिली : अवजार घरी आणणे. ही पायरी सोपी समजू नये. मुंबई-गोवा महामार्गाला देवगडचा रस्ता जिथे फुटतो त्या तिठ्यावर टेम्पोवाला तुमचे कोळपे उतरवील आणि निघून जाईल. तिथून घरापर्यंत ते ढकलत न्यायचे आहे. वाटेत भेटणारा प्रत्येक जण थांबेल. मला पहिल्याच वळणावर विचारण्यात आले, “काय रे झिला, दुसरां चाक खंय सांडलंस?” पुढच्या वळणावर तोच विनोद नव्याने झाला. ते गोणपाटात गुंडाळून नेण्याची युक्ती कोणी सुचवल्यास ऐकू नये. गुंडाळलेल्या वस्तूबद्दल गावात जास्त चौकशी होते, आणि ती तुमच्याकडे होत नाही.

घरी आल्यावर नव्वदीच्या घरातले एखादे आबा ते निरखून पाहतील आणि लोखंडाने जमीन बाटते असे काहीसे पुटपुटतील. त्यांच्याशी वाद घालू नये, कारण त्यांच्या पाठीशी इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी ते नांगर बराच काळ कोणी घेईना. माझे लक्ष वेधते ते वेगळ्याच गोष्टीकडे. सायकल आणि नांगर दोन्ही एकाच गृहस्थाने विकले, आणि दोन्हींचे लग्न मात्र पुढे गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांनी लावले. माझे कोळपे अशाच एका दुकानातले आहे. त्याच्या चाकाला अजून घंटीची पट्टी आहे.

पायरी दुसरी : गाऱ्हाणे. नवीन काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू करायचे नाही. नारळ ठेवावा, चार माणसे मागे उभी करावीत आणि जाणत्याने सुरू करावे : “बा देवा बारा पाचाच्या म्हाराजा! आज ह्या लेकरान तुज्या पांढरीत लोखंडाचां चाक घातल्यान हा. तां वाकडां-तिकडां चाललां, कोणाच्या हद्दीत गेलां, कोणाच्या आळ्यात घुसलां, तर तां सरळ कर रे म्हाराजा!” मागच्यांनी म्हणायचे, “व्हय म्हाराजा!” यातले हद्दीचे कलम वगळू नये. कोकणात तणापेक्षा हद्दीचे वाद लवकर वाढतात, आणि ते उपटायला कोणतेही अवजार अजून निघालेले नाही.

पायरी तिसरी : वाफसा पाहणे. आता खरे ज्ञान. कोळपे चालते ते जमीन वाफशावर असताना. मूठभर माती घ्यावी, दाबून लाडू करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. खाली पडून फुटला तर वाफसा आला. तसाच राहिला तर थांबावे. लाडू वळलाच नाही तर आपल्याला उशीर झाला.

नांदगावात हा प्रयोग मी सात जूनपासून, म्हणजे मिरगापासून, रोज केला. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकला जातो. माझे लाडू आषाढभर अभंग राहिले. मधल्या एका उघडिपीत धीर न धरवून मी कोळपे काढले, तेव्हा दहा पावलांत पासेवर लाल मातीचा असा थर चढला की ती घावन उलथायच्या उलथन्यासारखी नुसती वरून सरकू लागली. चाकाच्या आऱ्यांत चिखल बसून चाक भरीव झाले. मी काटकीने पास खरवडायचो, दोन पावले जायचो, पुन्हा खरवडायचो. कोळपणीत काटकीचे काम किती आणि कोळप्याचे किती, हे त्या दिवशी मोजता आले असते.

उलट टोकही सांगितले पाहिजे. पाऊस गेला आणि आठ दिवस ऊन लागले की हीच माती चिऱ्याची आठवण करून देते. फ्रान्सिस बुकाननने मलबारात मऊ असताना कापून काढायचा आणि उन्हावाऱ्यात घट्ट होणारा हा जांभा पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिले. माझ्या परड्याच्या वरच्या कोपऱ्यात पास त्या विटेवर आपटली तेव्हा त्याच्या निरीक्षणाबद्दल माझ्या मनगटांना शंका राहिली नाही.

घाटावर म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी. वरचा थर मोकळा झाला, भेगा बुजल्या, की खालची ओल उडून जात नाही, असा त्याचा अर्थ. नांदगावात श्रावणात हे कोणाला सांगू नये.

पायरी चौथी : ढकलणे. मुठी बेंबीच्या उंचीला घ्याव्यात. कोपर अंगाजवळ ठेवावेत. कोळपे हातगाडीसारखे ढकलत न्यायचे नसते. एक पाऊल, एक हात पुढे. मग अर्धा हात मागे. मग पुन्हा पुढे. जोर दंडातून नाही, अंगाच्या भारातून यायला हवा. पास जमिनीत फार तर इंचभर, आडवी राहिली पाहिजे. खोल घातली की पुरुषार्थ वाटतो, पण खाली वर्षानुवर्षे निजलेले बी वर उजेडात येते आणि पंधरा दिवसांत आपले आभार मानते. टाकळ्याचे बी यात फार सोशिक. कातडी इतकी टणक की ते कितीही वाट पाहू शकते.

तण मारायची वेळ म्हणजे ते नुकते उगवून पांढऱ्या दोऱ्यासारखे असते ती. बोटभर वाढले की पास खालून जाते, तण जरासे आडवे होते, आणि संध्याकाळच्या सरीनंतर उठून बसते. म्हणून उन्हाच्या सकाळी कोळपावे, दुपारी ते वाळते. हे ऊन कुठून आणायचे, ते लेखकाला विचारू नये.

उताराबद्दल एक सूचना. आमचे परडे विहिरीकडे उतरते आहे. अमेरिकेत अशी हातकोळपी ‘प्लॅनेट ज्युनियर’ नावाने घरोघर पोचवणारा सॅम्युएल लीड्स अ‍ॅलन हा गृहस्थ बर्फावरून घसरायची गाडीही बनवत असे, आणि १८८९ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. शेतीची अवजारे वर्षभर खपत नाहीत, म्हणून त्याने हा जोडधंदा केला असे सांगतात. ओल्या जांभ्यावर मुठींना धरून विहिरीच्या कठड्यापर्यंत पोचल्यावर माझे मत असे झाले की दोन्ही कल्पना त्याला एकाच वेळी सुचल्या असाव्यात.

पायरी पाचवी : ओळी शोधणे. कोळपे ओळीत चालते. आता परड्यात ओळ शोधा.

माडाचे आळे गोल असते. केळीला फुटवा जिकडे यायचा तिकडे येतो, त्यामुळे केळ दरवर्षी दोन हात चालते. पडवळ आणि दोडकीचा मांडव चार बांबूंवर उभा आहे आणि त्यांतले दोन बांबू आता रुजून झाडे झाली आहेत. तवशीचा वेल जिथे बी पडले तिथून निघून मांगराच्या कौलांवर गेला आहे. अळू सांडपाण्याच्या वाटेने, म्हणजे नागमोडी. मिरची आईने फोकून टाकलेली. आमच्या परड्यात सरळ रेषेत असलेली एकच गोष्ट म्हणजे धुणे वाळत घालायची दोरी, आणि तिच्याखालून मी कोळपे नेले तेव्हा ती माझ्या गळ्यात आली.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने भात कापायला वैभव विळा दिला, आंबे उतरवायला नूतन झेला दिला. या अवजारांनी माणसाला सरळ चालायला सांगितले नाही, हे त्यांच्या यशाचे रहस्य असावे.

पायरी सहावी : तण ओळखणे. ही पायरी पहिली असायला हवी होती, असे मला नंतर सांगण्यात आले. सांगणाऱ्या होत्या शेजारच्या काकी. कुंपणाच्या पलीकडे, कमरेवर हात.

“ह्यां बसान उपटलंस आसतंस तर एवढ्यात जेवान झालां आसतां,” एवढे बोलून त्या कुंपणातून अलीकडे आल्या.

मी पास टेकवली. “थांब! तेका हात लावू नको. तो टाकळो आसा. कोवळो आसा अजून, कांदो नि खोबरां घालून भाजी होतली.” मी दीड हात सरकलो. “कुर्डू कित्याक मारतंस? ती पण भाजी.” पलीकडे घोळ होती, ती आमटीत. केना भज्यांना. केन्याबद्दल एक गोष्ट मी वाचलेली होती, ती मी काकींना ऐकवली : त्याला जमिनीखालीही फुले येतात आणि तिथेच बी धरते, त्यामुळे वरून कितीही कापला तरी तो खालून संसार चालवतो. काकी म्हणाल्या, “मगे, गरिबाक सोड ना.”

पुढे आघाडा. “चतुर्थेक पत्री खंयसून हाडतलंस? दादरच्या मार्केटातसून?” हा टोला बरोबर जागी लागला, कारण तीस वर्षे मी नेमके तेच करत होतो. दादरला आघाड्याच्या चार काड्यांना पैसे मोजणारा माणूस नांदगावात तोच आघाडा लोखंडाने कापायला निघाला होता. माका तेलाला. तेरडा गौरीचा, त्याला नजरही लावायची नाही. दुर्वा तर विचारूच नका. शास्त्रानेही दुर्वेवर कोळपे चालवू नये, कारण तिचा जितक्या ठिकाणी तुकडा कराल तितक्या पेरांना मुळे फुटतात. म्हणजे एकदा कोळपले की एकवीसची जुडी घरच्या घरी वर्षभर पुरते.

शेवटी उरला लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. हा जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत गणला जातो. याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या ओवलेल्या असतात, आणि माळ तुटली की निजलेली प्रत्येक गाठ आपापली उठते. म्हणजे जे एकच तण बेवारस वाटत होते, तेच कोळप्याला दाद देणारे नव्हते. तरी मी काकींना विचारले, ह्याचे काय? काकींनी एक गाठ उकरून काढली, नखाने सोलली, माझ्या नाकाशी धरली. वास ओळखीचा होता. नरकचतुर्दशीची पहाट, अंगाला चोळलेले उटणे.

दिवस अखेरीला परड्यात कोळप्याने मेलेल्यांची मोजदाद केली. भेंडीची रोपे अकरा, मिरचीची सहा. या दोहोंवर कोणी हक्क सांगायला आले नव्हते.

जाताना काकी कोळप्याशी वाकल्या. पासेवर हाताची वीत टेकवली, पुढे चार बोटे धरली, काही न बोलता कुंपणातून गेल्या. मला वाटले, भंगाराचा अंदाज घेत असतील.

पायरी सातवी : निगा. काम झाल्यावर पास धुवावी, पुसावी, खोबरेल लावावे. न लावल्यास सकाळी ती जांभ्याच्या रंगाची होते. कोळपे पडवीत खुंटीला टांगावे. चतुर्थीला मुंबईहून आलेली पोरे त्याच्या चाकाला हात मारून फिरवतील, त्यांना फिरवू द्यावे. वंगण सारखे पसरते. खंडेनवमीला पारय, कोयता, विळा यांच्या रांगेत तेही ठेवावे. झेंडूचे फूल चाकाच्या आऱ्यात नीट बसते. हा त्याचा आतापर्यंत माझ्या हातून झालेला सर्वांत यशस्वी उपयोग.

पायरी आठवी. दिवाळी झाल्यावर, विहिरीच्या खालच्या बाजूच्या वायंगणात काकींनी मुळा, लाल माठ आणि चवळी घातली. सकाळी दात घासत मी कुंपणाशी गेलो आणि बघतच राहिलो. दोरी धरून मारल्यासारख्या ओळी. दोन ओळींमधले अंतर सगळीकडे सारखे. मी ब्रश तोंडात तसाच ठेवून कुंपणातून हात घातला आणि मोजले : एक वीत आणि चार बोटे. माझी पास नऊ इंचांची आहे, म्हणजे बरोबर वीतभर.

काकी मागून आल्या. “माका दोन दिस तुजो कोळपो दी.”

मी दिला. त्यांनी चप्पल काढली, लुगड्याचा काचा मारला आणि मुठी धरल्या. एक पाऊल, हातभर पुढे, अर्धा हात मागे. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, आणि मीही त्यांच्यासमोर असे कधी करून दाखवले नव्हते. माती वाफशावर होती. पांढरे दोरे पासेवरून उलटून पडत गेले आणि चहाला उकळी येईपर्यंत तीन ओळी झाल्या.

दोन दिवसांचे आता पाच आठवडे झाले आहेत. परवा पडवीत मुळ्याची जुडी ठेवलेली सापडली, ती बहुधा भाड्यापोटी. मी सध्या पाटावर बसून खुरप्याने लव्हाळा काढतो. गाठी एका डब्यात साठवत आहे.