पाठमोरे काका

इंदिरापुरमच्या सोसायटीत कुणाचा प्रिंटर रुसला की "मराठी अंकलजी को बुलाओ" असा पुकारा होतो. काका चपला काढतात आणि थेट टेबलाखाली शिरतात. चहा नंतर. संगणकाशी त्यांची ओळख आहे ती त्याच्या पाठीची. खिशात एक जुना दाढीचा ब्रश असतो. गाझियाबादची धूळ पोर्टात किती खोल जाते हे त्या ब्रशालाच ठाऊक.

जांभळं कीबोर्डचं, हिरवं माउसचं, निळं पंधरा पिनांचं मॉनिटरचं, गुलाबी माइकचं. गणपतीत कुणीतरी स्पीकरची पिन गुलाबीत खुपसली आणि आरती मुकी झाली. ती पोपटी भोकात हलवण्याचं पुण्य काका आजही सांगतात, आरती कुणी म्हटली ते विसरून.

यूएसबी हा त्यांचा खास अभिमान. १९९६ साली ती आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूचे म्होरके अजय भट्ट बडोद्यात शिकलेले. "बडोदं म्हणजे सयाजीरावांचं. म्हणजे आपलंच की!" झाली यूएसबी मराठी. मग ती पहिल्या खेपेला सरळ का बसत नाही, असं विचारलं तर काका वकील होतात: दोन्हीकडून बसणारी करायची तर तारा दुप्पट, खर्चही दुप्पट. भट्टांनीच सांगितलंय.

परवा वरच्या मजल्यावरच्या पोरानं महागडं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पण मॉनिटरची केबल मदरबोर्डलाच ठेवली. गेम रडतखडत चाललेला. काकांनी केबल खालच्या कार्डाला लावली आणि म्हणाले, "इतका महाग कार्ड लिया, और वायर बाजूवाले को दिया?" पोरगं पाया पडलं. एखाद्या केबलसाठी ते वैशालीहून मेट्रोनं, मंडी हाउसला गाडी बदलून, नेहरू प्लेस गाठतात आणि भाड्याहून स्वस्त वस्तू आणतात.

वायरलेस माउस त्यांना जेमतेम चालतो. निदान त्याचं बोंडुक तरी पोर्टात जातं. ब्लूटूथ मात्र त्यांना अनैतिक वाटतं. कशाला काय जोडलंय ते दिसायला नको?

आणि यंत्र सुरू झालं की काकांचं काम संपतं. मेल, बिलं, नातीशी व्हिडिओ कॉल, हे पुढचं खातं काकूंचं. कॉल चालू असताना काका कॅमेऱ्याची वायर सैल नाही ना, हे मागे वाकून तपासत असतात. पुण्यातली नात त्यांना कोपरावरून ओळखते.